कृष्णाबाईंच्या फळीवरच्या बाटल्या

जूचंद्रच्या कृष्णाबाई भोईर काविळीवर औषध देत. त्यांचे तीन नियम होते, आणि नियम मोडणाऱ्याला त्या ओट्यावरून हाकलून देत, मग तो सरपंच असो की सरपंचाचा जावई. पहिला नियम, औषधाचा पैसा घ्यायचा नाही. दुसरा, मुळीचं नाव कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. तिसरा नियम सगळ्यात विचित्र. मुळी उगाळायची ती रोग्याच्या घरच्याच पाण्यात. म्हणून रोज सकाळी त्यांच्या ओट्यावर पिवळ्या डोळ्यांची माणसं घरच्या पाण्याची एकेक बाटली मांडीवर घेऊन बसलेली असत.

तीन सकाळी औषध घेऊन झालं की ती बाटली, तळाशी उरलेल्या पाण्यासकट, बूच न लावता बाईंच्या घरातल्या फळीवर जाई. माणूस बरा झाला की त्याने स्वतः यायचं आणि स्वतःच्या हाताने बाटली उचलून न्यायची. भावाने, बायकोने नेलेली चालत नसे. बाईंना अक्षर येत नव्हतं, तेव्हा ओळखीसाठी त्या बाटलीच्या गळ्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधत. जूचंद्र-नायगावकडच्यांना लाल, वसईवाल्यांना पिवळी, नालासोपाऱ्याच्यांना हिरवी. त्यातली कुठली बाटली कुणाची, हे त्यांच्या तोंडपाठ होतं. उगाच नाही त्यांची सून म्हणायची की आमच्या सासूला स्वतःच्या नातवंडांची नावं आठवत नाहीत, पण बाटल्यांची आठवतात.

मुळी त्यांना सासूकडून मिळालेली. त्याआधीची पंचवीस वर्षं मिठागरात गेली. डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून वाहून त्यांची मान अशी ताठ झाली होती की बाई गर्विष्ठ आहेत असा लोकांचा समज होई. तो समज काही अगदीच खोटा नव्हता. नवरा लवकर गेला, मुलगा कंपनीत लागला, आणि सासूने मरताना कानात मुळीचं नाव सांगितलं. तेव्हापासून आसपासच्या गावांत कृष्णाआय म्हणजे कृष्णाआय. झाकली मूठ होती ती, आणि तिची किंमत सव्वा लाखाच्या वर गेली होती.

नव्वदच्या दशकात नालासोपाऱ्यात इमारतींवर इमारती उभ्या राहिल्या आणि फळीवर हिरव्या चिंध्या वाढू लागल्या. लोक कोकणातून आले, देशावरून आले, उत्तरेतून आले. घरं स्वस्त होती, नळ होते, फक्त नळाला पाणी नव्हतं. उन्हाळ्यात टँकर. ज्याला टँकर परवडेना त्याने शेजाऱ्याच्या पिंपातलं मागायचं.

सन २००४च्या एप्रिलमध्ये एका बुधवारी ओट्यावर एक तरुण बाई आली, पण तिच्या हातात बाटली नव्हती. ही डॉ. जीना तुस्कानो. वसईच्या वाडीतल्या बागायतदाराची मुलगी, दोन वर्षांपासून नालासोपाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला. ती चिडलेली होती आणि चिडलेलं तोंड लपवायची तिला सवय नव्हती.

"कृष्णाआय, ती नालासोपाऱ्याची विनिता गेली. काल संध्याकाळी. आठवा महिना होता. चार दिवस तुमच्या औषधावर होती. आमच्याकडे आणली तेव्हा तिला शुद्ध नव्हती."

सहाण बाजूला सारून बाई उभ्या राहिल्या.

"मंग मी मारली का तिना? माझे हातून हजार मानूस बरा झाला. पैसा घेतला नाय कवा. इचार ह्यांना."

"बरे होतात, कारण ही कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते. मुळी दिली तरी आणि नाही दिली तरी. पोटुशी बाईची उतरत नाही. तिला पहिल्या दिवशी दवाखाना लागतो. ते चार दिवस तिचे इथे गेले."

एवढं बोलून जीना निघून गेली. बाईंनी त्या दिवशी उरलेल्या सगळ्यांना औषध दिलं, कारण माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण दुपारी त्या फळीपुढे जाऊन बसल्या. विनिताची बाटली तिथेच होती, हिरव्या चिंधीची. तिच्या शेजारी आणखी हिरव्या. एवढ्या हिरव्या बाटल्या एका वेळी फळीवर कधीच राहिल्या नव्हत्या.

आणि मग त्यांना ते दिसलं. एप्रिलच्या उन्हात बाटल्यांतलं उरलेलं पाणी आटून गेलं होतं आणि तळाशी कड धरली होती. लाल चिंधीवाल्या बाटल्यांच्या तळाशी जवळजवळ काहीच नव्हतं. पिवळ्यांत थोडी पांढरी भुकटी. हिरव्यांतल्या दोन-तीन सोडल्या तर बाकी सगळ्यांत एकच कड होती, जाडसर, राखाडी, काठाला तांबूस. जिने पंचवीस वर्षं पाणी आटताना पाहिलं, कुठल्या वाफ्यातलं मीठ कुठलं हे जी नुसत्या नजरेने सांगे, तिला आणखी पुरावा नको होता. घरं वेगळी, इमारती वेगळ्या, पण पाणी एकाच जागचं होतं.

खरं सांगायचं तर इथे त्या गप्प बसू शकल्या असत्या. पाणी वाईट आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच होता, की मग तुम्ही मुळी कशात उगाळत होता? तो प्रश्न पहिल्यांदा त्यांच्याच मनात आला. ज्या पाण्याने माणूस आजारी पडला, तेच पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने, नियम म्हणून, आणखी तीन सकाळी त्याला पाजलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णाबाई गोणपाटात बाटल्या गुंडाळून रिक्षाने दवाखान्यात पोचल्या आणि जीनाच्या टेबलावर, केसपेपर बाजूला सारून, त्यांनी त्या मांडल्या.

"ह्या बग. ह्यांचा पानी एकच हाय. हे दोन-तीन सोड, ते येगले. ह्या मानसांना टँकर कोन देतो, ते शोध."

जीना आधी बाटल्यांकडे बघत राहिली आणि मग बाईंकडे. शिकलेल्या माणसाला एक खोड असते, न शिकलेल्याकडून काही कळलं की ते आधी मोजून बघायचं. तिनेही मोजलं. पण नीट मोजलं, हे तिचं मोठेपण. ती, दवाखान्याची नर्स बेटी डाबरे आणि कृष्णाबाई, अशा तिघी महिनाभर दुपारच्या उन्हात जिने चढत होत्या. बाई दारात उभं राहून सांगत, हा तिसऱ्या मजल्यावरचा, मार्चमध्ये आला होता, हिची बाटली अजून आहे. सापडलं ते असं, की जवळजवळ सगळ्यांचं पाणी एकाच खाजगी विहिरीतून येत होतं आणि विहिरीच्या काठाला लागून मैल्याचा नाला फुटला होता. पाणी तपासलं, काही रोग्यांचं रक्त मुंबईला पाठवलं. विहीर बंद झाली. जूनच्या मध्यानंतर नव्या हिरव्या चिंध्या बांधायची वेळ आली नाही.

त्या मोसमात फळीवर दोनशे चौदा बाटल्या आल्या होत्या. एकोणतीस कुणी न्यायला आलं नव्हतं. त्यातले बरेच जण बरे होऊन विसरले होते, काही गावी गेले होते. नऊ माणसं मेली होती. नवांतल्या सहा बाया पोटुशी होत्या.

हे लिहून काढायला हवं, असं जीनाने ठरवलं. पण लिहिण्याआधी वाचायला हवं ना? या रोगावर जगात कुणी काय लिहिलंय ते शोधायला ती वसईच्या सायबर कॅफेत बसे. लेखाचं नाव दिसे, चार ओळींचा सारांश दिसे, आणि पुढे दार बंद, तीस डॉलर भरा. ज्याने लिहिलं त्याला त्यातला छदाम नाही, ज्याने छापण्याआधी तपासलं त्यालाही नाही, आणि वाचणाऱ्याने मात्र तीस डॉलर मोजायचे. असल्या धंद्याला आमच्याकडे वेगळं नाव आहे, ते इथे लिहीत नाही. शेवटी सुट्टी टाकून ती मुंबईला आपल्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाई आणि तिथे जे असेल तेवढं वाचून येई.

मसुदा तयार झाल्यावर ती जूचंद्रला आली आणि बाईंना मराठीत वाचून दाखवू लागली. औषधाबद्दल तिने एकच मोघम ओळ घातली होती, काही रुग्णांनी पारंपरिक उपचार घेतले होते, एवढीच. बाईंनी तिला थांबवलं.

"हे खोटा हाय."

"खोटं नाही, आय. थोडक्यात आहे. तुमचं नाव लेखात घालणार आहे मी. बाटल्यांचं तुम्हीच ओळखलंत, तेव्हा लेखक म्हणून तुमचं नाव हवंच. उगाच तुमची बदनामी कशाला?"

"माझा नाव घालतेस ना? मंग माझे नावाखाली खोटा नको. लिव, मुली त्याच पान्यात उगालली. लिव, सा बाया आधी माझेकडं आल्या, दवाखान्यात उशिरा गेल्या. आनि मुलीचा नाव पन लिव." आणि त्यांनी ते नाव सांगितलं, सुनेच्या देखत, मोठ्याने.

सुनेने तोंडाला पदर लावला. "आत्ते, गुन जाईल!"

"असता तर गेला असता," कृष्णाबाई म्हणाल्या.

हे बोलताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. पण दुसऱ्या दिवशी विनिताची बाटली घेऊन त्या एकट्याच नालासोपाऱ्याला गेल्या. त्या इमारतीचे जिने त्यांच्या ओळखीचे झाले होते, तरी तिसऱ्या मजल्यावर पोचायला त्यांना फार वेळ लागला. दार विनिताच्या नवऱ्याने, जितेंद्रने उघडलं. तो अंधेरीला एका कंपनीत हिशेबनीस होता, मूळचा राजापूरकडचा. बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पाण्याचं, मुळीचं, चार दिवसांचं. शेवटी म्हणाल्या, "हे छापनार हाव. तुना सांगितल्याबिगर नको वाटला."

जितेंद्रने बाटलीकडे बघितलं. त्याने ती घेतली नाही. ओरडलाही नाही, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं असं बाईंना वाटलं.

"मला वाचायला मिळेल?" त्याने विचारलं. "इंग्रजी येतं मला. तिला नक्की काय झालं, ते कुणी मला नीट सांगितलंच नाही. सगळे डॉक्टर घाईत होते."

"मिलेल," कृष्णाबाई म्हणाल्या. शब्द देऊन बसल्या.

पुढच्या जानेवारीत जीना धावतच ओट्यावर आली. मुंबईच्या तिच्या सरांनी लेख परदेशातल्या एका नामांकित नियतकालिकाकडे पाठवायला लावला होता आणि तो स्वीकारला गेला होता. पुढच्या शिक्षणासाठी तिला याचा मोठा आधार होणार होता. फक्त एक कागद राहिला होता, लेखाचे सगळे हक्क त्यांना देत असल्याचा. त्यावर प्रत्येक लेखकाची सही हवी होती. तिने शाईची डबीसुद्धा आणली होती.

बाईंनी अंगठा पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"यो छापला का त्या जितेंद्राला वाचायला मिलेल ना?"

जीना म्हणाली, "मिळेल. म्हणजे विकत घ्यावा लागेल. तीस डॉलर. मी माझी प्रत देईन त्याला."

"आनि त्याचे शेजाऱ्याला? दुसरे गावचे डाक्टरला?"

जीनाने शाईच्या डबीचं झाकण लावलं. कित्येक महिने सायबर कॅफेत त्याच बंद दारापुढे ती स्वतःच बसली होती.

"त्याची बायको मेली," कृष्णाबाई म्हणाल्या, "ते त्यानी इकत घेऊन वाचायचा? बाय, मी जल्मात औषधाचा पैसा घेतला नाय. औषध कसला होता ता आता कलला, पन पैसा नाय घेतला. याला घेऊ? माझा आंगठा नाय मिलायचा."

सर भडकले. निरक्षर बाईचं नाव लेखक म्हणून घातलंत हीच मेहेरबानी, आता तिच्या हट्टापायी एवढं नियतकालिक सोडायचं? तिचं नाव काढून टाका, कागद सुटेल. जीनाने दोन दिवस विचार केला. खोटं कशाला बोला, मोह तिलाही झाला. मग तिने सरांना कळवलं की निरीक्षण बाईंचं आहे, नाव काढणार नाही, आणि लेख मी परत घेते आहे. सर तिच्याशी पुढे वर्षभर बोलले नाहीत.

लेख शेवटी आपल्याच देशातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांचा अंक छापून निघे आणि शिवाय सगळाच्या सगळा इंटरनेटवर उघडा असे. लिहिणाऱ्याने पैसे भरायचे नाहीत, वाचणाऱ्यानेही नाहीत. त्यांच्या फॉर्मवर कृष्णाबाईंनी एवढा दाबून अंगठा उठवला की तो मागच्या पानावरही दिसत होता. पद आणि संस्था या रकान्यांत काय लिहायचं, असं जीनाने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "जूचंद्र लिव. पुरे हाय." तसंच छापून आलं. कृष्णाबाई भोईर, जूचंद्र, तालुका वसई, जिल्हा ठाणे.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी बाई जितेंद्रला घेऊन वसईच्या सायबर कॅफेत गेल्या. जीनाने पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला होता. पडद्यावर लेख उघडला, कुणी काही मागितलं नाही. जितेंद्र एकेक वाक्य आधी मनात वाचे, मग मराठीत सांगे. मुळीचं नाव आलं. त्याच पाण्यात उगाळल्याचं आलं. मग एका तक्त्यात वय तेवीस, आठवा महिना, लक्षणं दिसल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंत चार दिवस. तिथे तो थांबला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने गेमचा आवाज बंद केला.

"विहिरीचं लिहिलंय का?" त्याने स्वतःशीच म्हटलं आणि पुढे वाचू लागला. शेवटपर्यंत वाचला. मग सगळ्या पानांची प्रिंट काढून घेतली.

बाईंची मुळी बंद झाली होती, ओटा मात्र चालू होता. पिवळ्या डोळ्यांची माणसं येतच राहिली. त्यांना बाई आधी पाणी कुठलं पिता ते विचारत, उकळायला सांगत आणि दवाखान्यात धाडत. पोटुशी बाई असेल तर स्वतः रिक्षात बसून घेऊन जात. काही लोक म्हणाले, म्हातारी डॉक्टरांना विकली गेली. सव्वा लाखाची मूठ उघडली ती उघडलीच. बाईंनी मान आणखी ताठ केली.

वर्ष गेलं. २००६च्या डिसेंबरात एका सकाळी जीना ओट्यावर आली. तिच्या हातात एका ईमेलची प्रिंट होती. आसामात जोरहाटच्या बाजूला चहाच्या मळ्यावरच्या एका छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरने लिहिलं होतं. त्यांच्याकडे काविळीची साथ आली होती. मळ्यातले लोक एका म्हाताऱ्या वैदूकडे जात. या डॉक्टरने तो लेख त्या वैदूला त्याच्या भाषेत वाचून दाखवला, जूचंद्रच्या कृष्णाबाईंनी स्वतःबद्दल लिहायला लावलेलं सगळं. आधी वैदू उठून गेला. दोन दिवसांनी तो स्वतः एका पोटुशी बाईला घेऊन दवाखान्यात आला. त्यानंतर एकेक करून अकरा जणींना. अकराही जणी सुखरूप आहेत, असं त्या डॉक्टरने लिहिलं होतं.

"आकरा?" कृष्णाबाई म्हणाल्या. "आकराच्या आकरा?"

"अकराच्या अकरा, आय."

बाई रडल्या. नवरा गेला तेव्हाही चारचौघांत न रडलेली ही बाई ओट्यावर सगळ्यांदेखत रडली, आणि पुसायलाही विसरली. मग कागद मागून घेतला, पदराला बांधला आणि तडक नालासोपाऱ्याला निघाल्या. अशी बातमी दुसऱ्याच्या तोंडून जाऊ द्यायची नव्हती त्यांना.

जितेंद्रने दार उघडताच बाई म्हणाल्या, "आकरा बाया वाचल्या. त्यो कागद वाचून. आसामात."

"आसामात कुठे?"

बाईंना ते नाव नीट आठवेना. त्यांनी पदराची गाठ सोडून कागद पुढे केला. जितेंद्रने तो वाचला. मग आत गेला आणि एक दोनशे पानी वही घेऊन आला. वहीत जिल्ह्यांची नावं होती, देशभरातल्या, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे तारीख. त्याने बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबवलं.

"गणपतीच्या आदल्या रविवारी पाठवला होता यांना. दर रविवारी सायबर कॅफेत बसतो मी. जिथल्या दवाखान्याचा पत्ता सापडेल तिथे लेखाचा दुवा पाठवतो. फुकट आहे ना, कुणीही उघडू शकतं." तो कागदाकडेच बघत होता. "एवढ्यांना पाठवला, आय. आजवर एकाचंही उत्तर आलं नव्हतं."

कृष्णाबाई आत गेल्या आणि पहिल्यांदाच त्या घरात खाली बसल्या. त्यांनी वही मांडीवर ओढून घेतली. अक्षर येत नव्हतं, तरी पानं उलटून बघितली, पार कोऱ्या पानांपर्यंत.

"आनखी किती जिल्हे रायलेत?"

"खूप."

"आज रविवारच हाय," त्या म्हणाल्या. "चल, मी येतंय."